अमेरिकेतील फौजदारी न्यायव्यवस्था

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) गुन्ह्यांचा तपास, आरोपीवरील खटला, शिक्षा आणि अपील यांसंबंधी जी न्यायालये, अधिकारी व कार्यपद्धती अस्तित्वात आहेत, त्यांची मिळून ही व्यवस्था बनते. तिचे प्रमुख वैशिष्ट्य म्हणजे तिचे दुहेरी स्वरूप होय. संघराज्याची स्वतंत्र न्यायालये आहेत आणि पन्नास घटक राज्यांपैकी प्रत्येकाची स्वतःची दंडसंहिता, स्वतःची न्यायालये व स्वतःचे तुरुंग आहेत. भारताप्रमाणे तेथे न्यायालयांची एकच उतरंड नाही. खून, चोरी, मारामारी, बलात्कार यांसारखे बहुसंख्य गुन्हे घटक राज्यांच्या कायद्याखाली येतात व त्यांचे खटले राज्यांच्या न्यायालयांतच चालतात. संघीय न्यायालयांकडे चलनाची बनावट, टपालाचा गैरवापर, आंतरराज्यीय गुन्हे, अमली पदार्थांचा मोठा व्यापार असे संघीय कायद्याने ठरविलेले गुन्हे येतात. या व्यवस्थेचा इतिहास म्हणजे बहुतांशी आरोपीला संविधानाने दिलेली अभिवचने प्रत्यक्ष न्यायालयाच्या दालनापर्यंत कशी व किती पोहोचली, याचा इतिहास आहे.

वसाहतकालीन पूर्वपीठिका : इंग्रज वसाहतवाल्यांनी आपल्याबरोबर इंग्लंडचा रूढ कायदा व ज्यूरीची पद्धती नेली. ज्यूरी म्हणजे आरोपीच्या परिसरातील सामान्य नागरिकांचे पंचमंडळ. आरोपी दोषी की निर्दोष, हा निर्णय न्यायाधीश न देता हे मंडळ देते. या पद्धतीस अमेरिकेत राजकीय अर्थ प्राप्त झाला, तो न्यूयॉर्क येथील जॉन पीटर झेंगर या मुद्रकावरील १७३५ च्या खटल्यामुळे. गव्हर्नरवर टीका करणारे वृत्तपत्र छापल्याबद्दल त्याच्यावर राजद्रोहात्मक बदनामीचा आरोप ठेवण्यात आला होता. तत्कालीन कायद्याप्रमाणे मजकूर खरा असला, तरी तो बचाव ठरत नव्हता. मात्र अँड्र्यू हॅमिल्टन या वकिलाचा युक्तिवाद मानून ज्यूरीने झेंगरला निर्दोष ठरविले. १७७० मध्ये बॉस्टन येथे ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळीबार केला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र जॉन ॲडम्स याने घेतले. तो स्वतः ब्रिटिश धोरणाचा विरोधक होता. शहर प्रक्षुब्ध असतानाही कप्तान व आठपैकी सहा सैनिक सुटले आणि उरलेल्या दोघांवर सदोष मनुष्यवधाचा सौम्य गुन्हाच शाबीत झाला. ज्याचा सर्वांना तिटकारा वाटतो, त्यालाही वकील मिळाला पाहिजे, या तत्त्वाचे हे आरंभीचे उदाहरण मानले जाते. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींत ज्यूरीचा हक्क हिरावून घेतल्याची तक्रार आढळते, ती या पार्श्वभूमीमुळेच.

संविधान व संघीय न्यायालये : १७८७ च्या संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने एका सर्वोच्च न्यायालयाची तरतूद केली, कनिष्ठ न्यायालये स्थापन करावयाची की नाही, हे मात्र काँग्रेसवर सोपविले. संघीय न्यायालये राज्यांचे स्वातंत्र्य गिळतील, अशी भीती अनेक प्रतिनिधींना वाटत होती व ही तरतूद त्या वादातील तडजोड होती. १७८९ च्या न्यायव्यवस्था अधिनियमाने सहा न्यायाधीशांचे सर्वोच्च न्यायालय, तेरा जिल्हा न्यायालये व तीन परिमंडले निर्माण केली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना परिमंडलांत फिरून खटले चालवावे लागत आणि खराब रस्त्यांवरील या कष्टप्रद प्रवासाबद्दल ते वारंवार तक्रार करीत. न्यायाधीशांची संख्या अनेकदा बदलून १८६९ मध्ये नऊवर स्थिरावली. १८०३ मध्ये ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’ या खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल (१७५५–१८३५) याने संविधानाशी विसंगत असलेला कायदा रद्दबातल ठरविण्याचा न्यायालयाचा अधिकार प्रस्थापित केला.

फौजदारी खटल्यांच्या बाबतीत मात्र या न्यायालयाचे कार्य दीर्घकाळ मर्यादित राहिले. संघीय न्यायालयात दोषी ठरलेल्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयाकडे हक्क म्हणून अपील करता येत नसे; देहदंडाच्या खटल्यांत तो हक्क प्रथम १८८९ मध्ये मिळाला. १८९१ मध्ये परिमंडल अपील न्यायालये स्थापन झाली. १९२५ च्या अधिनियमाने कोणती प्रकरणे सुनावणीस घ्यावयाची, हे ठरविण्याचा व्यापक अधिकार सर्वोच्च न्यायालयास मिळाला. नऊपैकी चार न्यायाधीशांची संमती असल्यास प्रकरण सुनावणीस घेतले जाते आणि दरवर्षी येणाऱ्या हजारो अर्जांपैकी साठ-सत्तरच्या आसपास प्रकरणांचाच सविस्तर विचार होतो. आज संघीय व्यवस्थेत ९४ जिल्हा न्यायालये व १३ अपील न्यायालये आहेत. संघीय न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष सीनेटच्या संमतीने करतो व सद्‍वर्तन असेपर्यंत म्हणजे व्यवहारतः तहहयात ते अधिकारपदावर राहतात.

घटक राज्यांची न्यायालये : राज्यांतील न्यायालयांची नावे व रचना यांत एकवाक्यता नाही. सामान्यतः तळाशी किरकोळ गुन्ह्यांची न्यायालये, त्यांवर गंभीर खटले चालविणारी न्यायालये, नंतर अपील न्यायालय व शेवटी राज्याचे सर्वोच्च न्यायालय अशी रचना असते. न्यूयॉर्क राज्यात ‘सर्वोच्च न्यायालय’ हे नाव मूळ खटला चालविणाऱ्या न्यायालयास आहे आणि अंतिम न्यायालयास केवळ ‘अपील न्यायालय’ म्हणतात. टेक्सस व ओक्लाहोमा या राज्यांत फौजदारी प्रकरणांसाठी वेगळे अंतिम न्यायालय आहे.

अनेक राज्यांत न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडले जातात. १८३२ मध्ये मिसिसिपीने सर्व न्यायाधीश निवडणुकीने नेमण्याची पद्धत प्रथम स्वीकारली. १८४६ मध्ये न्यूयॉर्कने तिचे अनुकरण केल्यावर तिचा झपाट्याने प्रसार झाला. न्यायाधीश राजकीय धनिकांच्या नव्हे, तर लोकांच्या विश्वासावर अवलंबून असावा, ही त्यामागील कल्पना होती. निवडणुकीतील पक्षीय राजकारणाचे दोष दिसू लागल्यानंतर १९४० मध्ये मिझूरीने तज्ञ समितीने सुचविलेल्या नावांतून नेमणूक करून नंतर लोकमत घेण्याची पद्धत सुरू केली व इतर अनेक राज्यांनीही ती उचलली. सरकारी अभियोक्त्याचे पदही अमेरिकेत वेगळ्या रीतीने विकसित झाले. इंग्लंडमध्ये खटला चालविणे हे दीर्घकाळ फिर्यादीचे काम होते. कनेक्टिकटने मात्र १७०४ मध्येच सार्वजनिक अभियोक्त्याची तरतूद केली. आज बहुतेक राज्यांत काउंटीचा किंवा जिल्ह्याचा अभियोक्ता निवडणुकीने येतो. कोणावर खटला भरावयाचा, कोणते कलम लावावयाचे व कोणते सोडावयाचे, हे बव्हंशी तोच ठरवीत असल्याने संपूर्ण व्यवस्थेत त्याच्या इतका प्रभावी अधिकारी क्वचितच दुसरा असेल.

खटल्याची कार्यपद्धती : अटक झाल्यानंतर आरोपीस दंडाधिकाऱ्यापुढे नेण्यात येते. वॉरंटाशिवाय अटक झाली असल्यास अटकेस पुरेसे कारण होते किंवा नाही, याचा निर्णय सर्वसाधारणपणे ४८ तासांत व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरविले. त्याच वेळी जामिनाचा विचार होतो. जामिनाची रक्कम भरता न येणारा आरोपी दोषी ठरण्यापूर्वीच कोठडीत राहतो. हे टाळण्यासाठी १९६६ च्या संघीय जामीन सुधारणा अधिनियमाने आरोपीस शक्यतो रकमेवाचून सोडण्याचे धोरण स्वीकारले. १९८४ च्या अधिनियमाने मात्र समाजास धोकादायक वाटणाऱ्या आरोपीस स्थानबद्ध ठेवण्याची मुभा दिली. इलिनॉय राज्याने २०२३ मध्ये रोख जामिनाची पद्धतच बंद केली.

पाचव्या घटनादुरुस्तीप्रमाणे गंभीर संघीय गुन्ह्याचा खटला ग्रँड ज्यूरीच्या दोषारोपावाचून चालविता येत नाही. या मंडळात १६ ते २३ नागरिक असतात. ते गुप्तपणे केवळ सरकारपक्षाचा पुरावा ऐकतात आणि किमान बारा जणांची संमती मिळाल्यास दोषारोप ठेवला जातो. हे बंधन राज्यांवर नाही, असा निर्णय १८८४ मध्ये झाल्यामुळे अनेक राज्यांत अभियोक्त्याच्या स्वाक्षरीचे आरोपपत्र पुरेसे ठरते. त्यानंतर आरोपीस दोषारोप वाचून दाखवितात व गुन्हा कबूल आहे की नाही, हे विचारतात.

कबुली न दिल्यास खटला उभा राहतो. नागरिकांच्या यादीतून ज्यूरीचे सभासद निवडताना दोन्ही पक्षांचे वकील त्यांना प्रश्न विचारून पूर्वग्रहदूषित व्यक्तींना वगळवू शकतात. काही व्यक्तींना कारण न देताही वगळता येते. मात्र केवळ वंशाच्या कारणावरून असे वगळणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय १९८६ मध्ये झाला. साक्षीपुरावा, उलटतपासणी व समारोपाची भाषणे झाल्यानंतर न्यायाधीश कायदा समजावून सांगतो आणि ज्यूरी बंद खोलीत विचारविनिमय करते. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला पाहिजे. बारा जणांची ज्यूरी ही परंपरा असली, तरी राज्यांना सहा जणांपर्यंत ज्यूरी ठेवता येते. लुइझिॲना व ऑरेगन या राज्यांत गंभीर गुन्ह्यांतही बहुमताचा निर्णय दीर्घकाळ ग्राह्य धरला जाई. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अग्राह्य ठरवून एकमत आवश्यक केले. ज्यूरीने निर्दोष ठरविलेल्या व्यक्तीविरुद्ध सरकारला अपील करता येत नाही. संघराज्य व घटक राज्य ही दोन भिन्न सार्वभौम सत्ताकेंद्रे मानली जात असल्याने एकाच कृत्याबद्दल दोघांनाही स्वतंत्र खटला भरता येतो.

हक्कांचा विस्तार : १७९१ मध्ये संविधानास जोडलेल्या पहिल्या दहा घटनादुरुस्त्यांना हक्कांची सनद म्हणतात. अवाजवी झडतीपासून संरक्षण (चौथी), स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क (पाचवी), त्वरित व जाहीर खटला, ज्यूरी व वकील यांचा हक्क (सहावी) आणि क्रूर व असामान्य शिक्षेस मनाई (आठवी) या तिच्यातील फौजदारी तरतुदी होत. परंतु ही सनद केवळ संघराज्यास बांधील करते, राज्यांना नाही, असा निर्णय मार्शलनेच १८३३ मध्ये दिला. ज्या न्यायालयांत बहुसंख्य आरोपी उभे राहत, तेथे सनदेची अभिवचने त्यामुळे लागूच नव्हती.

यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली. मात्र गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमास त्यात अपवाद ठेवण्यात आला. त्याचा आधार घेऊन दक्षिणेकडील राज्यांनी कैदी खाजगी मळे, खाणी व रेल्वे यांना भाड्याने देण्याची पद्धत सुरू केली. या कैद्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. अलाबामात ही पद्धत १९२८ पर्यंत टिकून होती. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कोणत्याही राज्याने कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेऊ नये, असे बंधन घातले. या शब्दांना फौजदारी न्यायात खरा अर्थ येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

१९१९ मध्ये आर्कान्सॉमधील ईलेन येथील वांशिक हिंसाचारानंतर बारा कृष्णवर्णीयांना देहदंड फर्माविण्यात आला. न्यायालयाबाहेर संतप्त जमाव उभा होता. एक खटला पाऊण तासात संपला व ज्यूरीने पाच मिनिटांच्या आत निर्णय दिला. जमावाच्या दडपणाखालील असा खटला हा खटलाच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये मानले. १९३१ मध्ये अलाबामातील स्कॉट्सबरो येथे नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर आगगाडीतील दोन श्वेतवर्णीय स्त्रियांवर बलात्कार केल्याचा आरोप आला. अटकेनंतर दोन आठवड्यांच्या आत खटले सुरू झाले. न्यायाधीशाने गावातील सर्व वकिलांची मोघम नेमणूक केली होती. म्हणजे जबाबदारी कोणा एकाचीच नव्हती. आठ जणांना देहदंड झाला. १९३२ च्या ‘पॉवेल विरुद्ध अलाबामा’ या निर्णयाने देहदंडाच्या अशा खटल्यात परिणामकारक वकील मिळणे हा रीतसर प्रक्रियेचा भाग असल्याचे प्रथम मान्य केले. याच प्रकरणात १९३५ मध्ये कृष्णवर्णीयांना पद्धतशीरपणे ज्यूरीतून वगळणेही घटनाबाह्य ठरले. तरीही या तरुणांपैकी अनेकांना वर्षानुवर्षे तुरुंगात राहावे लागले. आरोपींपैकी अखेरच्या तिघांना अलाबामाने २०१३ मध्ये मरणोत्तर क्षमा दिली. मिसिसिपीत तीन कृष्णवर्णीय शेतमजुरांना फटके मारून मिळविलेला कबुलीजबाब १९३६ मध्ये अग्राह्य ठरला.

देहदंडाखेरीज इतर गुन्ह्यांतील गरीब आरोपीस सरकारने वकील द्यावा की नाही, याचा निकाल लागण्यास आणखी काळ गेला. १९४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा सर्वसाधारण हक्क नाकारला. जून १९६१ मध्ये फ्लॉरिडातील पनामा सिटी येथे एका बिल्यर्ड्‌सच्या अड्ड्यात घुसल्याच्या आरोपावरून क्लॅरेन्स अर्ल गिडियन यास पकडण्यात आले. त्याने वकील मागितला. परंतु राज्याच्या कायद्याप्रमाणे तो केवळ देहदंडाच्या खटल्यांत देता येतो, असे सांगून न्यायाधीशाने नकार दिला. गिडियनने स्वतःच बचाव केला, दोषी ठरला व पाच वर्षांची शिक्षा भोगू लागला. तुरुंगाच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेला त्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीस घेतला व त्याची बाजू मांडण्यासाठी एब फोर्टस या नामांकित वकिलाची नेमणूक केली. १८ मार्च १९६३ रोजी सर्व न्यायाधीशांनी एकमताने १९४२ चा निर्णय फिरविला. ऑगस्ट १९६३ मध्ये खटला नव्याने चालला. वकिलाने सरकारी साक्षीदाराची कसून उलटतपासणी केली आणि ज्यूरीने गिडियनला निर्दोष ठरविले. गुन्ह्याचा आरोप तोच, न्यायालय तेच; मुख्य फरक होता, तो वकिलाच्या उपस्थितीचा.

सरन्यायाधीश अर्ल वॉरन (१८९१–१९७४) याच्या कारकीर्दीतील इतर निर्णयांनी हाच प्रवाह पुढे नेला. बेकायदा झडतीतून मिळालेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही अग्राह्य ठरला (१९६१). कोठडीतील चौकशीपूर्वी आरोपीस मौन पाळण्याच्या व वकिलाच्या हक्काची जाणीव पोलिसांनी दिली पाहिजे, असे ‘मिरांडा विरुद्ध ॲरिझोना’ (१९६६) या खटल्यात ठरले. बाल न्यायालयांतील मुलांना वकिलाचा व इतर काही मूलभूत हक्क १९६७ मध्ये आणि राज्यांतील गंभीर खटल्यांत ज्यूरीचा हक्क १९६८ मध्ये मान्य झाला. या निर्णयांमुळे गुन्हेगार सुटतात, अशी टीका त्या वेळी मोठ्या प्रमाणावर झाली व पुढील काळात न्यायालयाने त्यांना अनेक अपवादही जोडले. तथापि २००० मध्ये मिरांडाचे मूळ तत्त्व न्यायालयाने पुन्हा उचलून धरले.

कबुलीची तडजोड : खटल्यातील या सर्व हक्कांचे महत्त्व एका विसंगतीमुळे कमी होते, ती म्हणजे बहुसंख्य प्रकरणांत खटला होतच नाही. अभियोक्ता सौम्य आरोप किंवा कमी शिक्षा देऊ करतो व त्या बदल्यात आरोपी गुन्हा कबूल करतो. आरंभी न्यायालये कबुलीकडे साशंकतेने पाहत. १८०४ मध्ये मॅसॅचूसेट्समधील खुनाच्या एका खटल्यात आरोपीने कबुली देताच न्यायाधीशांनी त्यास परिणामांची जाणीव दिली व फेरविचारासाठी परत पाठविले. एकोणिसाव्या शतकात खटले वाढले व लांबले, तसतशी तडजोडीची प्रथा पडद्याआड रूढ झाली आणि १९७० व १९७१ च्या निर्णयांनी तिला उघड मान्यता मिळाली. केंटकीत ८८ डॉलर ३० सेंटच्या बनावट धनादेशाबद्दल एका आरोपीस पाच वर्षांची शिक्षा देऊ करण्यात आली होती. त्याने ती नाकारून खटला मागितला, तेव्हा अभियोक्त्याने सराईत गुन्हेगाराचे कलम लावले व त्यास जन्मठेप झाली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे वैध ठरविले. २०१२ च्या निर्णयात न्यायालयाने स्वतःच नमूद केल्याप्रमाणे संघीय न्यायालयांतील ९७ टक्के व राज्यांतील ९४ टक्के दोषसिद्धी कबुलीतून होतात. तडजोडीमुळे खर्च व वेळ वाचतो, साक्षीदारांचा त्रास टळतो, असे समर्थक म्हणतात. कठोर शिक्षेच्या भीतीने निर्दोष व्यक्तीही कबुली देते व अभियोक्ताच न्यायाधीश बनतो, असा विरोधकांचा आक्षेप आहे.

शिक्षा व तुरुंग : शरीरदंडाऐवजी एकांतवास व श्रम यांनी गुन्हेगार सुधारावा, या हेतूने फिलाडेल्फिया येथे १७९० मध्ये व नंतर ऑबर्न येथे नव्या धर्तीचे तुरुंग उभे राहिले. १८४१ मध्ये बॉस्टनचा चांभार जॉन ऑगस्टस याने न्यायालयातून आरोपींची हमी घेऊन त्यांना सुधारण्याचे काम आरंभिले. त्यातून परिवीक्षेची पद्धत निघाली. १८९९ मध्ये शिकागो येथे पहिले बाल न्यायालय स्थापन झाले. १९७० नंतर मात्र सुधारणेवरील विश्वास ओसरला. न्यूयॉर्कचे १९७३ चे अमली पदार्थविषयक कायदे, १९८४ चा संघीय शिक्षा सुधारणा अधिनियम, तिसऱ्या गुन्ह्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा देणारा कॅलिफोर्नियाचा १९९४ चा कायदा यांनी शिक्षा लांबल्या. १९७२ मध्ये राज्यांच्या व संघाच्या तुरुंगांत सुमारे दोन लाख कैदी होते. २००९ मध्ये ही संख्या सुमारे सोळा लाख झाली. कृष्णवर्णीयांचे त्यांतील प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणाच्या कितीतरी अधिक आहे. २०१० व २०१८ च्या संघीय अधिनियमांनी काही शिक्षा सौम्य केल्या व कैद्यांची संख्या पूर्वीपेक्षा घटली. देहदंड १९७२ मध्ये तत्कालीन स्वरूपात घटनाबाह्य ठरला व १९७६ मध्ये नव्या नियमांसह परत आला. अनेक राज्यांनी तो रद्द केला असून २०२१ मध्ये व्हर्जिनियाने यादवी युद्धातील दक्षिणी राज्यांपैकी प्रथम तसे केले.

भारताशी संबंध : भारतीय संविधानाचा मसुदा तयार होत असताना घटना सल्लागार बी. एन. राव यांनी १९४७ मध्ये अमेरिकेस भेट देऊन न्या. फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याशी चर्चा केली. त्यानंतर ‘कायद्याची रीतसर प्रक्रिया’ या अमेरिकन शब्दप्रयोगाऐवजी ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द अनुच्छेद २१ मध्ये आले. नंदिनी सत्पथी खटल्यात (१९७८) भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मिरांडा निर्णयाचा आधार घेतला. ज्यूरीची पद्धत भारताने सोडून दिली; याउलट शिक्षेच्या तडजोडीची तरतूद सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांपुरती २००६ पासून अंमलात आली.

मूल्यमापन : आरोपीच्या हक्कांची इतकी तपशीलवार मांडणी व त्याबरोबरच इतकी मोठी कैद्यांची संख्या, हे अमेरिकन व्यवस्थेचे दुहेरी चित्र आहे. तिच्यातील महत्त्वाच्या सुधारणा बहुधा उपेक्षित आरोपींच्या प्रकरणांतून झाल्या : स्कॉट्सबरोचे तरुण, मिसिसिपीचे शेतमजूर, फ्लॉरिडाचा निर्धन कैदी. परंतु हक्क खटल्याभोवती उभारले गेले आणि खटलाच दुर्मिळ होत गेला. गरिबांसाठी नेमलेल्या सरकारी वकिलांवरील प्रकरणांचा प्रचंड भार व त्यांस मिळणारा अपुरा निधी, यांमुळे गिडियन निर्णयाचे अभिवचन अनेक राज्यांत अंशतःच पाळले जाते. ज्यूरीपुढे उभे राहण्याचा हक्क जो वापरतो, त्याला त्याबद्दल अधिक शिक्षा भोगावी लागू नये, हा या व्यवस्थेपुढील अद्याप न सुटलेला प्रश्न आहे.